गोविंदराव देवल आणि एका तसबिरीचा प्रवास

संशयाला औषध नाही असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत आली आहेत. औषध नसेल, पण उतारा आहे, आणि तो मराठी रंगभूमीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवला आहे. तो उतारा म्हणजे हसणे. बायकोवर संशय घेणारा नवरा, नवऱ्यावर पाळत ठेवणारी बायको, प्रेयसीविषयी मनात किंतू धरणारा तरुण आणि त्याच्या वागण्याने गोंधळलेली तरुणी अशा चौघांना एका तसबिरीभोवती गरगरा फिरवून आपल्याला पोट धरधरून हसवणारे नाटक म्हणजे ‘संगीत संशयकल्लोळ’. या नाटकाचे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. परंतु ते रचणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे आयुष्य कसे गेले, त्यांनी हे नाटक कोठून आणले आणि आणताना त्यात काय घातले, हे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा लेख मी बालाघाटहून लिहीत आहे. माझे शिक्षण बेळगावकडे झाले आणि लग्नानंतर मी मध्य प्रदेशातल्या या वैनगंगेकाठच्या गावी आले. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून इंग्रजांनी बालाघाट जिल्हा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे माझे माहेर आणि सासर दोन्ही सीमेवरची. कचेरीत एक भाषा, बाजारात दुसरी आणि चुलीपाशी तिसरी, हा अनुभव मराठी आणि कानडी असे दोन्ही विभाग असलेल्या या नियतकालिकाच्या वाचकांना मी वेगळा समजावून सांगायला नको. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेताना काय हरवते आणि काय मिळते, हे आपण रोज पाहतो. देवलांचे सारे आयुष्य याच उद्योगात गेले, म्हणून ते मला आपल्यातले वाटतात.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे त्यांचे गाव. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले होते आणि त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. म्हणजे मराठी नाटकाच्या पाळण्याची एक दोरी पहिल्यापासून कानडी मुलखातून आलेली आहे. गोविंदरावांचे शिक्षण बेळगावात झाले आणि तेथेच त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले. पण बेळगावने त्यांना शाळेहूनही मोठी गोष्ट दिली. ती म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत मुरलेला हा माणूस. त्यांच्या पदांत कानडी चाली सहज येऊन बसल्या आहेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या मंडळींत गोविंदराव होते. अण्णासाहेबांना ते गुरू मानीत आणि ही गुरुभक्ती त्यांनी जन्मभर सांभाळली.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. त्यांचे ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. कंपनी पोरकी झाली. अशा वेळी नटांना शिकवणे, तालमी घेणे आणि नवे नाटक लिहून देणे ही कामे ज्यांच्याकडे आली, त्यांत देवल अग्रभागी होते. त्यांची खरी ख्याती नाटककाराइतकीच तालीममास्तर म्हणूनही होती. त्या काळी संगीत नाटकाचा प्रेक्षक गाण्यासाठी येई आणि नटही गळ्यावर भिस्त ठेवी. देवलांचा आग्रह मात्र असा की, बोलणे बोलण्यासारखे वाटले पाहिजे आणि पद त्या बोलण्यातूनच उमलले पाहिजे. पुढे १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा कोवळा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला, तेव्हा त्यालाही देवलांच्याच हाताखाली अभिनयाचे धडे मिळाले. हाच मुलगा बालगंधर्व. गणपतराव बोडसांसारखा चतुरस्र नटही देवलांच्याच तालमीतला. मूळचा हा शाळामास्तर. फळा सुटला तरी शिकवणे काही सुटले नाही.

आता त्यांच्या लेखनाकडे वळू. देवलांच्या नावावर सात नाटके आहेत. त्यांपैकी सहा रूपांतरे आणि एकच स्वतंत्र. ‘दुर्गा’ हे १८८६ सालचे नाटक टॉमस सदर्न या आयरिश नाटककाराच्या शोकांतिकेवरून केलेले. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. सहावे ‘फाल्गुनराव’, त्याचेच पुढे ‘संशयकल्लोळ’ झाले. सातवे आणि स्वतंत्र नाटक म्हणजे ‘शारदा’. ही यादी पाहून कोणी नाक मुरडील की, सातांतली सहा उसनी! पण उसन्या पिठाची भाकरी थापणाऱ्याच्या हाताला चव नसते असे थोडेच आहे? त्या काळात इंग्रजीतून नाटके आणणारे पुष्कळ होते. त्यांतली बहुतेक आज ग्रंथालयाच्या सूचीत झोपली आहेत. देवलांची रूपांतरे मात्र अजून रंगमंचावर श्वास घेतात. असे का, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी ‘झुंजारराव’ आणि ‘फाल्गुनराव’ ही दोन नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहावी. पहिले १८९० चे, दुसरे १८९३ चे. मध्ये अवघी तीन वर्षे. दोन्ही नाटकांचा विषय एकच, संशय. पहिल्यात एक शूर सरदार एका रुमालावरून आपल्या निष्पाप पत्नीचा, कमळजेचा जीव घेतो. दुसऱ्यात एक प्रौढ गृहस्थ एका तसबिरीवरून आपल्या पत्नीचे जिणे नकोसे करतो, पण अखेर सर्वांसमक्ष स्वतःच हास्यास्पद ठरतो. रुमाल काय आणि तसबीर काय, दोन्ही हातात मावणाऱ्या किरकोळ वस्तू. एकीने प्राण घेतला, दुसरीने हसवले. जो लेखक कमळजेचा मृत्यू लिहून नुकताच उठला होता, त्याने फाल्गुनरावाला हसण्यावारी नेले ते गंमत म्हणून नव्हे, असे मला वाटते. संशय कोठवर जाऊ शकतो, हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणून ‘संशयकल्लोळा’तले हसू वरवरचे वाटत नाही, त्याच्या तळाशी कोठेतरी झुंजाररावाची सावली आहे.

या तसबिरीचे मूळ घर पॅरिसात. मोलियर या फ्रेंच नाटककाराने १६६० साली ‘स्गानारेल’ हे एकांकी पद्यनाटक रंगभूमीवर आणले आणि त्यातल्या संशयी नवऱ्याची भूमिका स्वतः केली. शंभर वर्षांनी, १७६१ साली, लंडनच्या आर्थर मर्फीने ते कथानक फुगवून पाच अंकांचे इंग्रजी नाटक केले, ‘ऑल इन द राँग’. हे नाटक देवलांच्या हाती पडले आणि १८९३ साली त्याचा ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ झाला. पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र, आणि तेथून पुढे कोठे कोठे! तसबीर तीच, चौकटी मात्र दर मुक्कामाला बदलत गेल्या.

कथानकाचा सांगाडा साधा आहे. अश्विनशेठने आपली तसबीर रेवतीला दिलेली असते. रेवतीला रस्त्यात घेरी येते. जवळून जाणारा फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके हेच त्याची बायको कृत्तिका पाहते. झाले, तिच्या मनात पाल चुकचुकते! त्या गडबडीत रेवतीच्या हातची तसबीर पडते आणि ती कृत्तिकेला सापडते. कृत्तिका तसबीर पाहत असताना फाल्गुनराव येतो. परक्या तरुणाची तसबीर बायकोच्या हाती पाहून त्याचे डोके फिरते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावापाशी अश्विनशेठला दिसते आणि मी प्रेमाने दिलेली वस्तू या गृहस्थाकडे कशी, म्हणून तो रेवतीवर रुसतो. येथे खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले ते खरेच असते, पण ते अर्धे असते, आणि उरलेले अर्धे जो तो आपल्या मनाने भरून काढतो. ‘झुंजाररावा’त विष कालवायला एक खलपुरुष लागला. येथे खलपुरुषाची गरजच नाही. ज्याचा त्याचा खलपुरुष ज्याच्या त्याच्या डोक्यात बसलेला आहे.

एवढे सारे मोलियर आणि मर्फीकडून आले. मग देवलांनी काय दिले? पहिली गोष्ट नावांची. नाटकातल्या पुरुषांना महिन्यांची नावे आणि स्त्रियांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. आणि इकडे रेवती, कृत्तिका, रोहिणी, मघा. पंचांग उघडून बसलेल्या मराठी प्रेक्षकाला पडदा वर जाताच हे जग आपले वाटू लागते. त्यातून संशयी नवऱ्याला नाव फाल्गुनराव! ज्या महिन्यात शिमगा येतो, त्या महिन्याचे नाव या गृहस्थाला किती शोभते ते पाहा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि ती बहुधा दुर्लक्षित राहते. मर्फीची नायिका प्रतिष्ठित घरातली मुलगी आहे. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली आहे. तिला धंदा नको, संसार हवा. हा एक बदल केल्याबरोबर नाटकाचे वजन बदलते. कुलीन मुलीवर प्रियकराने संशय घेतला तर ती रुसेल, माहेरी बसेल. रेवतीवर संशय घेतला तर सारे गाव म्हणेल की, यात नवल ते काय! तिच्याविषयीचा संशय अश्विनशेठच्या मनात उगवण्याच्या आधीपासून समाजात पेरलेला आहे. तिच्या बाजूने बोलायला तिच्या वागणुकीखेरीज कोणी साक्षीदार नाही. ही रेवती देवलांना कोठे भेटली? मला वाटते, शूद्रकाच्या घरी. ‘मृच्छकटिका’तली वसंतसेना ही गणिका असून कुलवधू होते, तिला देवलांनी आधीच मराठीत आणले होते. मर्फीच्या कथानकात त्यांनी वसंतसेनेची धाकटी बहीण आणून बसवली आणि परक्या फार्साला या मातीतले मूळ फुटले. रूपांतर म्हणजे नुसते नाव-गाव बदलणे नव्हे. मूळ कथेतला प्रश्न आपल्या समाजात कोणाला सर्वांत जास्त बोचेल, त्या माणसाला शोधून मध्यभागी उभे करणे म्हणजे रूपांतर.

हीच नजर ‘शारदे’त अधिक धीट झाली. या नाटकाचा पहिला प्रयोग जानेवारी १८९९ मध्ये इंदूरला झाला. आजच्या मध्य प्रदेशातले हे गाव, म्हणून आम्हा इकडच्या मराठी माणसांना त्याचा थोडा अभिमान आहे. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला कोवळी शारदा देऊन पैसे मोजून घेऊ पाहणारा तिचा बाप कांचनभट, दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित आणि या साऱ्यांविरुद्ध उभा राहणारा कोदंड यांची ही कथा. मुली विकल्या जात होत्या, आणि ते पाहून देवलांनी कोणत्याही परक्या नाटकाचा आधार न घेता लेखणी उचलली. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला सारडा कायदा म्हणतात, त्याचे नाव या नाटकावरून पडले असा समज अजून ऐकू येतो. ते नाव कायदा मांडणाऱ्या हरविलास सारडा यांचे. पण असा समज पसरावा, यातच ‘शारदे’चा ठसा किती खोल उमटला होता ते दिसते.

नंतरच्या काळात किर्लोस्कर मंडळीतून फुटून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीसाठी देवलांनी आपल्या वीस वर्षांपूर्वीच्या गद्य ‘फाल्गुनरावा’ला संगीताचा साज चढवला. म्हणजे दुसऱ्याच्या नाटकाचे रूपांतर करणाऱ्याने आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्याच नाटकाचे रूपांतर केले! पदे अशी रचली की कथानकाचा वेग कोठे अडू नये. १४ जून १९१६ रोजी गोविंदराव गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती पाहून प्रेक्षक वेडे झाले. तो जल्लोष ऐकायला तालीममास्तर मात्र विंगेत उभे नव्हते. आज अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद १४ जून हा देवलांचा स्मृतिदिन नाट्यकर्मींच्या गौरवाने पाळते. एका मास्तराची याहून चांगली पुण्यतिथी कोणती?

त्यानंतर शंभर वर्षांत या नाटकाने कितीतरी पिढ्या पाहिल्या. रात्रभर चालणारे प्रयोग आटोपशीर झाले, पदे कमी झाली, ऑर्गन जाऊन कोठे कोठे नुसती पेटी आली, तरी फाल्गुनराव टिकला. अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात, प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले आणि संगीत नाटक कधी न पाहिलेली तरुण मंडळी तिकिटे काढून आली. २०१३ साली ‘संशयकल्लोळ’ याच नावाचा, आजच्या काळातला मराठी चित्रपटही निघाला. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत तर दरवर्षी कोठे ना कोठे तसबिरीच्या जागी मोबाईल येतो आणि फाल्गुनराव बायकोचा फोन चोरून पाहू लागतो.

अशीच एक खटपट मी जवळून पाहिली. आमच्या या भागाला झाडीपट्टीची हवा आहे. दिवाळीनंतर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागांत मंडई भरतात, शंकरपट होतात आणि रात्री नाटके रंगतात. बालाघाट जिल्ह्याच्या लांजी-किरणापूरकडच्या गावांतही मंडईचा उत्साह काही कमी नसतो. शेजारच्या काही तरुण मुलामुलींनी ‘संशयकल्लोळ’ आजच्या वेषात करायचे ठरवले आणि मराठी वाचून दाखवायला मला बोलावले.

पहिली अडचण आली ती तसबिरीची. मोबाईलमधला फोटो एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी पहिल्याकडे राहतोच! मग तो हरवणार कसा, सापडणार कसा आणि अश्विनशेठला दुसऱ्याच्या हाती दिसून धक्का बसणार कसा? तसबीर ही एकच एक वस्तू होती, म्हणून तिचा घोटाळा झाला. मुलांनी बराच विचार केला आणि शेवटी युक्ती काढली ती नामी. रेवतीच्या हातून पडतो तो फोटो नव्हे, फोनच. तो कुलूपबंद. पडद्यावर अश्विनशेठचा चेहरा दिसतो, पण आतले काहीच उघडत नाही. म्हणजे पुन्हा अर्धेच दिसते आणि बाकीचे अर्धे ज्याने त्याने मनाने भरायचे! ही युक्ती ऐकली असती तर गोविंदरावांनी त्या पोरांची पाठ थोपटली असती याबद्दल मला शंका नाही.

दुसरी अडचण होती रेवतीची. नायकीण आज कोठून आणायची? म्हणून मुलांनी तिला शहरात शिकणारी, चांगल्या घरची मुलगी केले. तालमी सुरू झाल्या. संवाद खुसखुशीत, हशा भरपूर. पण रेवतीचे दुःख काही केल्या कोणाला भिडेना. तेव्हा मी त्यांना देवलांची हकीकत सांगितली, वसंतसेना सांगितली, आणि विचारले की, आपल्या गावात आज अशी कोणती बाई आहे, जिच्याविषयी काही न पाहताच लोक बोलतात? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा हळूच म्हणाला, की रात्रीच्या नाटकांत काम करायला बाहेरून येणारी नटी. बस्स, रेवती सापडली. ती झाली मंडईत गाणाऱ्या नटीची मुलगी.

पण नाटक येथेच संपले नाही. रेवतीचे काम करणाऱ्या मुलीचे लग्न ठरत आले होते. कोणीतरी तालमीत काढलेला तिचा आणि अश्विनशेठ झालेल्या मुलाचा फोटो मोबाईलवरून फिरत फिरत वराकडच्या मंडळींपर्यंत गेला. नाटक सोड, असा निरोप आला. तिने सोडले. कोणी भांडले नाही, कोणी ओरडले नाही. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, इतकेच. त्या फोटोतही खोटे काहीच नव्हते. फक्त तो अर्धा होता. देवलांच्या नाटकात शेवटच्या प्रवेशात सारे एकत्र येतात, तसबिरीचा उलगडा होतो आणि जो तो आपल्या मूर्खपणावर हसतो. या संशयकल्लोळाला तो शेवटचा प्रवेश कोणी लिहिलेला नव्हता.

तेव्हा मला एक गोष्ट प्रथमच नीट उमगली. १९१६ साली रेवती झाले ते बालगंधर्व, म्हणजे एक पुरुष. रेवतीवरचा संशय तेव्हा रंगमंचावरच राहत होता. पडद्यामागे तो कोणाच्या घरापर्यंत येत नव्हता. आज रेवती होणारी खरीखुरी मुलगी असते, आणि नाटकातला संशय तिच्या मागोमाग घरी जातो. आधुनिक रूपांतर म्हणताना आपण कपडे, फोन आणि गाडी एवढ्यांचाच विचार करतो. खरा फरक हा आहे. पुढे ते काम दोन मुलांची आई असलेल्या, अंगणवाडीत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी केले. नवऱ्याने पहिल्या रांगेत बसून पाहिले. प्रयोग झाला, लोक हसले, आणि रेवती आपली बाजू मांडू लागली तेव्हा त्याच लोकांत अगदी सामसूम झाली. हसणारे लोक अशा जागी थांबतात, याचा अर्थ देवलांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लावलेले कलम अजून जिवंत आहे.

काही विद्वान विचारतात की, रूपांतर करणाऱ्याला थोर म्हणावे काय? मला वाटते, हा प्रश्न सीमेवरच्या माणसाने विचारूच नये. आपली बोली, आपले सण, आपली जेवणाची चव, यांतले कोणते निखळ आपले आणि कोणते शेजाऱ्याचे हे वेगळे काढता येईल का? गुर्लहोसूरच्या अण्णासाहेबांनी कालिदास मराठीत आणला आणि पदांना चाली कानडी घेतल्या. तिकडे गदगला शांतकवींनी कानडी नाटकाची ध्वजा उभारली, त्यात मराठी नाटक कंपन्यांशी केलेली ईर्ष्याही होती. देणे-घेणे, ईर्ष्या आणि उसनवारी यांतूनच दोन्ही रंगभूमी वाढल्या. देवलांची थोरवी अशी की, त्यांनी घेतलेले उसने व्याजासकट फेडले. मर्फीचे ते नाटक आज इंग्रजांच्या देशात क्वचितच होत असेल. फाल्गुनराव मात्र आमच्या खेड्यातही लोकांना ओळखता येतो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी या वर्षीच्या संमेलनात ‘संशयकल्लोळ’ करणार असाल तर जरूर करा. मराठीत करा, कानडीत करा, दोन्ही भाषा मिसळून केलात तर अधिकच बहार! तसबिरीच्या जागी काय वाटेल ते ठेवा. तुमच्या पिढीला त्यात आमच्याहून जास्त कळते. पण रेवतीला कोणत्या घरातून आणायचे, हे ठरवताना घाई करू नका. आपल्या गावात, आपल्याच महाविद्यालयात कोणाविषयी काही न पाहता बोलले जाते, ते आधी शोधा. ती सापडली की तिचे काम करणाऱ्या मुलीच्या पाठीशी तालमीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळे उभे राहा, आणि पडदा पडल्यावरही राहा. गोविंदराव देवल आज तालीममास्तर असते, तर पहिला धडा त्यांनी हाच दिला असता असे मला वाटते.